पाण्याची वाट, हवेची वाट

नवे घर बांधताना न्हाणीघराविषयी जी चर्चा होते, ती बहुधा फरशीचा रंग, बेसिनचा आकार आणि गरम पाण्याची सोय यांभोवती फिरते. वापरलेले पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाणार, हा प्रश्न गवंडी आणि प्लंबर यांच्यावर सोपविला जातो, आणि तोही पुष्कळदा छताचे काँक्रीट ओतून झाल्यावर. दार, खिडकी किंवा नळाची तोटी यांबाबत झालेली चूक पुढे थोड्या खर्चात सुधारता येते. जमिनीखाली व भिंतीत गाडलेल्या सांडपाण्याच्या नळांबाबत झालेली चूक मात्र फरशी फोडल्यावाचून सुधारत नाही. म्हणून या नळांचा आराखडा घराच्या आराखड्याबरोबरच कागदावर उतरला पाहिजे.

सांडपाणी घराबाहेर नेण्याची कला भारतीय उपखंडात फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथील घरांत विटांची उतरती जमीन असलेली न्हाणीघरे सापडली आहेत. तेथील पाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारात जात असे, आणि वरच्या मजल्यावरील पाणी खाली आणण्यासाठी काही ठिकाणी भाजक्या मातीचे नळ वापरलेले आढळतात. परंतु घरातला नळ गटाराला जोडला गेला की पाणी बाहेर जाण्याचा मार्ग आणि गटारातील वायू आत येण्याचा मार्ग एकच होतो. आधुनिक जलनिःसारणाचे सारे तंत्र या एका अडचणीतून जन्माला आले आहे.

जलबंध

या अडचणीवरील उपाय अत्यंत साधा आहे. नळाला खाली झोल देऊन त्यात थोडे पाणी कायमचे साठून राहील अशी व्यवस्था केली की ते पाणीच बुचाचे काम करते. वरून आलेले पाणी त्यातून पुढे जाते. मागून येणारा वायू मात्र अडतो. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचपात्राच्या ज्या रचनेचे एकस्व मिळविले, तिच्यात असा वळलेला नळ होता. आज या वळणाला सर्वत्र ट्रॅप म्हणतात, आणि त्यात साठून राहणाऱ्या पाण्याला जलबंध. भारतीय न्हाणीघराच्या जमिनीत बसविल्या जाणाऱ्या ट्रॅपला देशभरातील बांधकामात ‘नहाणी ट्रॅप’ हेच नाव रूढ आहे. मराठी वाचकाला त्यातील ‘न्हाणी’ सहज ओळखू येईल.

जलबंधाची खोली सामान्यतः ५० मिमी. धरतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०.३ मी. उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. त्याच्याशी तुलना करता ५० मिमी. पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा केवळ दोनशेवा भाग होय. नळातील हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा एवढ्या अल्प प्रमाणात जरी घटला, तरी जलबंध ओढला जाऊन तुटतो. घरातील माणसे आणि गटार यांच्यामध्ये उभी असलेली भिंत इतकी नाजूक आहे.

ही भिंत कोसळली तर काय होते, याचे उदाहरण २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसले. तेथील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाची तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली. तपासात असे दिसून आले की, अनेक न्हाणीघरांतील जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते. रहिवासी जमीन पाण्याने न धुता केवळ पुसून घेत. त्यामुळे जलबंध पुन्हा भरत नव्हता. न्हाणीघरातील पंखा चालू झाला की नळातील दूषित तुषार कोरड्या ट्रॅपमधून आत ओढले जात. ट्रॅपमध्ये नियमितपणे पाणी ओतावे, असे आवाहन त्यानंतर तेथील शासनाने नागरिकांना केले. नळांची आखणी हा केवळ दुर्गंधीचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात यावे.

जलबंध कसा तुटतो

जलबंध तुटण्याची मुख्य कारणे चार आहेत, आणि प्रत्येकावरील उपाय आखणीतच शोधावा लागतो.

पहिले कारण बाष्पीभवन. पाहुण्यांसाठी राखलेले न्हाणीघर उन्हाळ्यात काही आठवडे बंद राहिले की ट्रॅपमधील पाणी आटते. बेसिनचे पाणी नहाणी ट्रॅपमध्ये सोडण्याची आपल्याकडील पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे. हात धुतले की जमिनीवरील ट्रॅपही आपोआप भरतो.

दुसरे कारण स्वतःच्याच प्रवाहाचे शोषण. भरलेले बेसिन एकदम रिकामे केले की त्याच्या अरुंद नळात पाणी काठोकाठ भरून धावते. पाण्याचा हा गोळा पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे आपल्या मागची हवा ओढतो, आणि तिच्याबरोबर ट्रॅपमधील पाणीही निघून जाते. शेवटी ऐकू येणारा ‘गुड् गुड्’ आवाज ही त्याची खूण होय.

तिसरे कारण शेजारच्या प्रवाहाचे शोषण. वरच्या मजल्यावर शौचपात्राची टाकी सोडली की उभ्या नळातून कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा खेचून नेते. तिची जागा घ्यायला वरून मोकळी हवा मिळाली नाही, तर ती खालच्या मजल्यांच्या ट्रॅपमधून ओढली जाते.

चौथे कारण याच्या उलट आहे. उभ्या नळातून खाली ढकलली गेलेली हवा तळाच्या वळणापाशी कोंडते. तेथे दाब वाढतो आणि तळमजल्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात.

पहिले कारण सोडले तर बाकी तिन्ही कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हवेला येण्याजाण्यास वाट नसणे. हवानळ ही वाट देतो. सांडपाण्याचा नळ पाणी वाहतो आणि हवानळ दाब सम राखतो. एकावाचून दुसऱ्याचे काम पुरे होत नाही.

उतार किती असावा

उतार जितका अधिक तितका निचरा चांगला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. उतार फार कमी असेल तर पाण्याचा वेग घटून गाळ व मैला मागे राहतो. फार अधिक असेल तर पाणी पुढे पळते आणि घन पदार्थ कोरड्या नळात अडकून बसतात. नळ दर अर्ध्या-पाऊण तासाला आपोआप धुतला जाईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रवाहाने स्वतःबरोबरच सारे वाहून नेले पाहिजे. जमिनीखालील नळात सेकंदाला सुमारे ०.७५ मी. वेग हा स्वतः स्वच्छ राहणाऱ्या नळाचा मापदंड मानला जातो. न्हाणीघरातील आडव्या नळांना ४० स १ हा उतार, म्हणजे दर मीटरला २५ मिमी. उतरण, सोयीची ठरते.

हवानळाच्या जागेचाही उताराशी निकटचा संबंध आहे. ट्रॅपच्या बाहेर पडणाऱ्या तोंडापासून हवानळाच्या जोडापर्यंत नळ जेवढा खाली उतरतो, ती उतरण नळाच्या व्यासापेक्षा अधिक नसावी. तसे झाले तर नळ भरून वाहताना हवेचे तोंड पाण्याखाली जाते आणि ट्रॅपपर्यंत हवा पोहोचत नाही. ४० मिमी. व्यासाच्या नळाला मीटरमागे २५ मिमी. उतार दिला तर ही मर्यादा १.६ मी. अंतरावर येते. उतार दुप्पट केला तर तीच मर्यादा ०.८ मी. होते. अधिक उतार देणारा कारागीर आपल्या नकळत हवानळ निरुपयोगी करीत असतो, तो असा.

भारतीय पद्धती

भारतीय मानक संस्थेने १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध केली; पुढे १९८३, २००५ आणि २०१६ या वर्षी तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. नळांच्या रचनेचे जे प्रकार आपल्याकडे प्रचलित आहेत, त्यांपैकी तीन समजून घेणे पुरेसे आहे.

दुहेरी नळाच्या पद्धतीत शौचपात्राचा मैला एका उभ्या नळातून थेट चेंबरमध्ये जातो. न्हाणी, बेसिन व मोरी यांचे पाणी दुसऱ्या उभ्या नळातून खाली येऊन गली ट्रॅपमध्ये पडते आणि तेथून चेंबरकडे जाते. गली ट्रॅपमुळे सांडपाण्याच्या नळाला आणखी एक संरक्षण लाभते. नळ अधिक लागतात, पण चुकांना ही पद्धत क्षमाशील आहे. म्हणून लहान घरांना ती मानवते.

एकेरी नळाच्या पद्धतीत मैला व सांडपाणी एकाच उभ्या नळात सोडतात आणि ट्रॅपना जोडलेला स्वतंत्र हवानळ शेजारून वर नेतात. तिसऱ्या पद्धतीत स्वतंत्र हवानळही नसतो. एकच उभा नळ पाणी व हवा दोन्ही वाहतो. ती स्वस्त आहे, परंतु सर्व पात्रे उभ्या नळाच्या अगदी जवळ असणे, जलबंध खोल असणे आणि आडवे नळ आखूड असणे या अटी तिच्यात काटेकोरपणे पाळाव्या लागतात. अटी विसरून केवळ स्वस्ताई उचलली, तर ते घर वर्षानुवर्षे वास सोसते.

कोणतीही पद्धत असली तरी गच्चीवरील पावसाचे पाणी या नळांत सोडू नये. मुसळधार पावसात तो नळ तोंडापर्यंत भरतो, हवेची वाट बंद होते आणि खालचे सर्व ट्रॅप एकाच वेळी धोक्यात येतात.

आखणीचे एक उदाहरण

दुमजली घर डोळ्यांसमोर आणावे. वरच्या मजल्यावर २.४ मी. लांब व १.५ मी. रुंद असे न्हाणीघर आहे. त्यात कमोड, बेसिन आणि स्नानाची जागा आहे. आखणीची सुरुवात वरून न करता खालून, म्हणजे रस्त्यावरच्या गटारापासून करावी. कारण ती एकच पातळी घरमालकाच्या हातात नसते.

नगरपालिकेच्या चेंबरचा तळ घराभोवतीच्या जमिनीपासून ९०० मिमी. खोल आहे आणि घरालगतचे पहिले चेंबर तेथून १८ मी. अंतरावर आहे, असे समजू. पहिल्या चेंबरची खोली ४५० मिमी. ठेवली तर १८ मी. लांबीत ४५० मिमी. उतरण मिळते; हा उतार ४० स १ झाला, आणि तो उत्तम आहे. परंतु नगरपालिकेचे चेंबर ६०० मिमी. एवढेच खोल निघाले, तर उतरण १५० मिमी. उरते आणि उतार १२० स १ होतो. १०० मिमी. व्यासाच्या नळाला तो फारच सपाट आहे. अशा वेळी भराव घालून घराभोवतालची जमीन व जोते उंच करणे हाच खरा उपाय असतो, आणि पाया घातल्यानंतर तो हातचा गेलेला असतो. जोत्याची उंची गटाराची खोली मोजल्यावर ठरवावी, हा धडा येथे मिळतो.

यानंतर उभ्या नळाची जागा. ती बाहेरच्या भिंतीवर किंवा माणूस हात घालू शकेल अशा डक्टमध्ये असावी. वरच्या व खालच्या मजल्यांची न्हाणीघरे व स्वयंपाकघराची मोरी एकमेकांच्या वर किंवा पाठीला पाठ लावून असली, तर एका ठिकाणच्या उभ्या नळांवर सर्वांचे भागते. नळ तुळईतून किंवा खांबातून नेऊ नये. तेथे पाडलेले भोक इमारतीची ताकद हिरावून घेते. छतातून जाणाऱ्या नळासाठी काँक्रीट ओतण्यापूर्वीच वाटा ठेवून द्याव्यात.

आता न्हाणीघराच्या आत. कमोड बाहेरच्या भिंतीला लावावा. पी आकाराच्या ट्रॅपचा कमोड असेल तर त्याचे तोंड जमिनीच्या वर असते आणि नळ सरळ भिंतीतून बाहेर निघून १०० मिमी.च्या उभ्या मैलानळाला मिळतो. भारतीय बैठकीच्या पात्राचा ट्रॅप जमिनीखाली असतो. त्यासाठी छत अधिक खोल उतरवून घ्यावे लागते.

नहाणी ट्रॅपचा हिशेब असा करतात. ट्रॅप बसल्यावर त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळाचा तळ तयार फरशीपासून १७५ मिमी. खाली येतो आणि नळाखाली जलरोधक थरासाठी २५ मिमी. जागा हवी, असे धरू. ट्रॅप उभ्या नळापासून १.२ मी. अंतरावर असेल तर ३० मिमी. उतरण लागेल, एकूण खोली २३० मिमी. झाली, आणि २५० मिमी. उतरविलेल्या छतात ती मावते. तोच ट्रॅप दाराजवळ, २.२ मी. अंतरावर ठेवला तर उतरण ५५ मिमी. होऊन बेरीज २५५ मिमी.वर जाते. उभा नळ घराच्या दुसऱ्या बाजूस, ४.५ मी. दूर असेल तर ती ३१० मिमी.च्याही वर जाईल. कारागीर अशा वेळी उतार कमी करून ‘बसवून देतो’, आणि त्याची शिक्षा पुढे कुटुंब भोगते. स्नानाची जागा बाहेरच्या भिंतीकडे आणि बेसिन दाराकडे घेतल्यास हा प्रश्न उद्भवतच नाही.

बेसिनचा नळ नहाणी ट्रॅपपर्यंत ०.९ मी. जाईल, त्याला सुमारे २३ मिमी. उतरण पुरते. नहाणी ट्रॅपचा ७५ मिमी. नळ सांडपाण्याच्या वेगळ्या उभ्या नळाला जोडला की वरच्या मजल्याचे काम संपते. जोड देताना काटकोनी तुकड्याऐवजी प्रवाहाच्या दिशेने झुकलेला तुकडा घ्यावा.

तळमजल्यावरील पात्रे उभ्या नळाच्या पायथ्याशी जोडण्याचा मोह टाळावा. तेथेच हवा कोंडते, हे वर आलेच आहे. तळमजल्याचा कमोड स्वतंत्र नळाने चेंबरला जोडावा, आणि उभ्या नळाचे शेवटचे वळण एका तीव्र कोपराऐवजी दोन अर्ध्या कोपरांचे किंवा मोठ्या घेराचे ठेवावे.

हवानळाची वाट

उभा नळ सर्वांत वरच्या पात्राच्या जोडापाशी संपवू नये. त्याच व्यासाने तो गच्चीच्या वर न्यावा. त्याचा वरचा भाग म्हणजेच हवानळ. गच्चीवर माणसांचा वावर असेल तर त्याचे टोक गच्चीपासून सुमारे २ मी. उंच असावे, आणि खिडक्या व पाण्याची टाकी यांपासून दूर असावे. टोकावर पक्ष्यांना घरटे करता येणार नाही अशी जाळीदार टोपी बसवावी. पुढे कधी गच्चीवर खोली बांधली गेली, तर हा नळ कापून बुजविण्याचा प्रकार सर्रास घडतो. त्या दिवसापासून खालच्या मजल्यांवर गुडगुड सुरू होते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

हवानळाचे आडवे तुकडेही अगदी सपाट नसावेत. त्यांत दमटपणामुळे जमणारे पाणी सांडपाण्याच्या नळाकडे परत ओघळेल असा हलका उतार त्यांना द्यावा. शिवाय एका पात्राचा हवानळ दुसऱ्या हवानळाला जोडायचा असेल, तर तो जोड पात्राच्या काठापेक्षा निदान १५० मिमी. उंच घ्यावा. तो खाली घेतला तर नळ तुंबल्यावर सांडपाणी हवानळातूनच वाहू लागते. बिघाड लपून राहतो, आणि मैला साचून हवानळ बुजतो. केवळ आत हवा घेणाऱ्या झडपाही आज मिळतात. त्या शोषणाला आळा घालतात, पण कोंडलेल्या दाबाला बाहेर वाट देत नाहीत. म्हणून उघड्या हवानळाची जागा त्या पूर्णपणे घेऊ शकत नाहीत.

झाकण्यापूर्वीची तपासणी

विटांच्या तुकड्यांचा कोबा व फरशी बसविण्यापूर्वी तीन कामे केलीच पाहिजेत. नळांची खालची तोंडे बंद करून त्यांत पाणी भरावे आणि प्रत्येक सांधा कोरडा आहे याची खात्री करावी. उतरविलेल्या छतात जलरोधक थर दिल्यानंतर किमान २४ तास पाणी साठवून खालून ओल येते काय ते पाहावे. आणि सर्व नळांची जागा, खोली व सांधे भिंतीपासूनच्या मापांसह एका कागदावर काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावेत. वीस वर्षांनंतर एखाद्या अनोळखी कारागिराला फरशी फोडावी लागली, तर तो कागद दहा फरशा वाचवील.

पात्रे बसविल्यावर एक साधी परीक्षा घेता येते. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडावे, त्याच वेळी वरच्या मजल्यावरील कमोडची टाकी सोडावी, आणि मग प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी शिल्लक आहे का ते पाहावे. पाणी पूर्वीच्या पातळीजवळ असेल तर हवेची वाट मोकळी आहे.

अखेरची गोष्ट सफाईची. नळ जेथे वळतो तेथे उघडता येणारे झाकण असावे, आणि जमिनीखालील नळ जेथे दिशा बदलतो किंवा दुसऱ्या नळाला मिळतो तेथे चेंबर असावे. वळणे थोडी, नळ सरळ आणि झाकणे हाताशी असली, तर तुंबलेला नळ बाहेर उभे राहूनच बांबूच्या कामट्यांनी किंवा सळईने मोकळा करता येतो. हाताने मैला साफ करायला माणसे लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारे व सेप्टिक टँक यांत संरक्षणसाधनांवाचून माणूस उतरविण्यासही त्याच कायद्याने मनाई केली आहे. तरीही अशा कामात विषारी वायूने माणसे मरतात. घराच्या नकाशावर एक चेंबर योग्य जागी काढणे ही किरकोळ बाब वाटते. पण त्या रेषेमुळे कोणा एका माणसावर मैल्यात उतरण्याची पाळी येत नाही. जे घर आपले सांडपाणी आतल्यांना वायूचा आणि बाहेरच्यांना मैल्याचा उपसर्ग न पोहोचविता दूर पाठविते, त्याचीच आखणी पुरी झाली असे म्हणता येईल.